निगेटिव्ह आलेल्या नमुन्यांचे काय?

रायपुरात पावसाळा सरत आला की तापाच्या रुग्णांनी दवाखाने भरतात आणि बहुतेकांची पहिली तपासणी एकाच प्रकारची असते. प्लास्टिकच्या छोट्या कार्डावर रक्ताचा किंवा नाकातल्या स्रावाचा थेंब टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत एक रेघ उमटते की दोन, ते पाहायचे. डेंगीची, कोविडची, इन्फ्लुएन्झाची अशी कार्डे आता मोहल्ल्यातल्या पॅथॉलॉजीतही मिळतात. दुसरी रेघ उमटली तर आजाराला नाव मिळते. ती उमटली नाही आणि आणखी एखादी चाचणीही निगेटिव्ह आली, तर कागदावर ‘व्हायरल फिव्हर’ लिहिले जाते आणि नमुना जैविक कचऱ्याच्या पिशवीत जातो. बहुतेक रुग्ण चार-पाच दिवसांत बरे होतात, म्हणून यात काही चुकले असे कुणाला वाटत नाही. प्रश्न उरतो तो बरे न होणाऱ्यांचा. ज्यांना झटके येतात, ज्यांची शुद्ध हरपते, ज्यांचे यकृत निकामी होते, त्यांचेही नमुने साऱ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या म्हणून फेकले जात असतील, तर छत्तीसगडच्या आरोग्यव्यवस्थेसाठी ते मोठे नुकसान आहे. जलद चाचणी रुग्णाच्या आजच्या उपचारासाठी हवीच. पण आपल्या भागात कोणते विषाणू फिरत आहेत आणि आपली किट्स त्यांना अजून ओळखतात का, हे कळण्यासाठी विषाणू जिवंत पेशींवर वाढवून पाहण्याची जुनी, संथ पद्धत, म्हणजे कल्चर, टिकवावीच लागेल. त्यातही ज्या नमुन्यांनी जलद चाचणीला उत्तर दिले नाही, ते तिच्यासाठी सर्वांत मोलाचे आहेत.

दोन्ही पद्धती काय करतात, हे आधी नीट पाहायला हवे. रॅपिड कार्डावरच्या कागदी पट्टीत ठरावीक प्रथिनाला पकडणारे रेणू बसवलेले असतात. ते प्रथिन नमुन्यात पुरेसे असेल तर रेघ उमटते. पीसीआर याहून कितीतरी तीक्ष्ण असते, पण तीही ठरवून दिलेला जनुकाचा तुकडाच शोधते. दोन्ही चाचण्या एकाच माणसाचा फोटो हाती देऊन दारावर उभ्या केलेल्या पहारेकऱ्यासारख्या आहेत. तो माणूस आला तर ओळखतील, दुसरा कुणी आत शिरला तर त्याची नोंदही होणार नाही. कल्चरमध्ये असा आधीचा अंदाज बराच कमी लागतो. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात पेशींचा थर वाढवतात, त्यावर नमुना सोडतात आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नमुन्यात जिवंत विषाणू असेल आणि त्या पेशी त्याला मानवल्या, तर पेशी गोल होतात, फुगतात, सुटतात, मरतात. कधी हे तीन दिवसांत दिसते, कधी दहा दिवस लागतात, कधी पुन्हा पुन्हा नव्या पेशींवर नमुना चढवावा लागतो. जॉन एन्डर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये पोलिओचा विषाणू चेतापेशींखेरीज इतर पेशींवर वाढवून दाखवला आणि १९५४ चे नोबेल मिळवले. पोलिओच्या लशीची वाट तिथूनच निघाली. या विद्येत महाराष्ट्राचाही मोठा वाटा आहे. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशींची एक मालिका तयार केली. तिच्यातूनच पुढे निवडलेल्या सी६/३६ पेशींवर आज जगभर डेंगीचा विषाणू वाढवला जातो.

म्हणून कल्चर सगळीकडे श्रेष्ठ, असे मात्र अजिबात नाही, आणि याचा पुरावा रायपूरनेच पाहिला आहे. एप्रिल २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी चालू असताना शहराच्या अनेक वस्त्यांत कावीळ पसरली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीमागे मुख्यतः हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू असतात. यांपैकी ई हा विषाणू नेहमीच्या पेशींवर नीट वाढतच नाही आणि ए वाढायला कित्येक आठवडे घेतो. अशा वेळी कल्चरची वाट पाहणे म्हणजे लोकांना तेच पाणी पाजत राहणे. हिपॅटायटिस ई गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर अशा शंभरांतील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे रक्तातली प्रतिपिंडे किंवा विषाणूची प्रथिने शोधणाऱ्या एलायझा चाचणीचा त्याच दिवशी मिळणारा निकाल हेच खरे शस्त्र आहे, कारण त्यावरून नळाची फुटलेली जोडणी शोधता येते, क्लोरीन वाढवता येते, गरोदर स्त्रियांवर लक्ष ठेवता येते. पण याच विषाणूच्या इतिहासात दुसरीही गोष्ट आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित होऊन दिल्लीत काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. ती हिपॅटायटिस एची साथ असावी, असाच समज पुढे बराच काळ राहिला. त्या साथीतल्या रुग्णांचे रक्तद्रव कुणीतरी जपून ठेवले होते. १९८० मध्ये पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ते तपासले, तेव्हा कळले की हा हिपॅटायटिस ए नव्हताच. पंचवीस वर्षांपूर्वीच्या साथीचे निदान होऊ शकले, कारण तेव्हा उत्तर न मिळालेले नमुने फेकले गेले नव्हते.

जलद चाचण्यांच्या मर्यादा कोविडने सर्वांसमोर मांडल्या. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून आयात केलेल्या अँटिबॉडी रॅपिड किट्सचे निकाल राज्याराज्यांत इतके विसंगत आले की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, त्यांचा वापर आधी थांबवला आणि मग किट्स परत करायला सांगितली. छत्तीसगडनेही त्याच महिन्यात ७५ हजार रॅपिड किट्स दक्षिण कोरियन कंपनीकडून घ्यायचे ठरवले होते. हे सारे घाईचे होते आणि त्या दिवसांत घाई समजण्यासारखीही होती. पण त्याच काळात पुण्यात वेगळे काम चालू होते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्चमध्येच कोरोनाचा विषाणू भारतीय रुग्णांच्या नमुन्यांतून पेशींवर वाढवला होता. त्या वाढवलेल्या आणि मग निष्क्रिय केलेल्या विषाणूवर आधारलेली ‘कवच’ ही एलायझा चाचणी मे २०२० मध्ये जाहीर झाली. लोकसंख्येत किती जणांना संसर्ग होऊन गेला, याचा देशातला पहिला मोठा अंदाज तिच्यावर उभा राहिला. कोव्हॅक्सिनसाठी लागलेला विषाणूही याच संस्थेने दिला. ज्या पद्धतीला संथ म्हणून बाजूला सारले जाते, तिने दोन महिन्यांत जे दिले, ते घाईने आणलेल्या किट्सना देता आले नाही.

जून २०२० मध्ये आलेली अँटिजेन चाचणी मात्र बरीच विश्वासार्ह होती, आणि तिची मर्यादाही आयसीएमआरने प्रामाणिकपणे सांगितली होती. १४ जूनच्या सूचनेत तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के दिली होती. म्हणजे खरोखर संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सोळा ते एकोणपन्नास जण निगेटिव्ह दिसणार. पॉझिटिव्ह आलेल्यावर विश्वास ठेवा, पण लक्षणे असून निगेटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर कराच, असे त्याच कागदावर स्पष्ट होते. डेंगीतही राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असाच आहे: रॅपिड कार्डावर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण ‘संभाव्य’ धरला जातो आणि एलायझाने दुजोरा मिळाला तरच तो ‘निश्चित’ होतो. २०१८ मध्ये भिलाईच्या खुर्सीपार भागात डेंगीने थैमान घातले, तेव्हा रुग्णांच्या आकड्यांवरून वाद झाला. अशा वादाच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच फरक असतो. नियम चांगले आहेत. पण निगेटिव्हनंतरचा दुसरा टप्पा गर्दीत सगळ्यांत आधी गळतो, कारण त्याचा निकाल येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो आणि कुणी तो मागतही नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पीसीआर कल्चरपेक्षा अधिक संवेदनशील आहे. मग मागे कशाला जायचे? रायपूरच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बर्फाची पेटी वेळेवर आली नाही तर नमुन्यातला विषाणू वाटेतच मरतो, आणि कल्चर निगेटिव्ह येते. पीसीआर मात्र मेलेल्या विषाणूचे अवशेषही शोधून काढते. आक्षेप खरा आहे, पण त्यातच त्याचे उत्तर आहे. मेलेला आणि जिवंत यांतला फरक पीसीआरला सांगता येत नाही, आणि साथीत तोच फरक अनेकदा निर्णायक ठरतो. म्युनिकमधल्या कोविडच्या नऊ रुग्णांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे चांगले उदाहरण आहे. त्यांच्या नमुन्यांत विषाणूचे आरएनए कित्येक दिवस भरपूर मिळत राहिले, पण आठव्या दिवसानंतर एकाही नमुन्यातून जिवंत विषाणू वाढला नाही. पीसीआर पॉझिटिव्ह असूनही माणूस इतरांना आजार देत नसेल, हे असे कळले. तोपर्यंत रुग्णाला सोडण्यासाठी चोवीस तासांच्या अंतराने दोन पीसीआर निगेटिव्ह याव्या लागत. ८ मे २०२० रोजी केंद्र सरकारने नियम बदलला: सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, चाचणीशिवाय घरी सोडता येईल. रायपूरच्या एम्सपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सर्वत्र खाटा मोकळ्या होणे ज्या नियमाने सोपे केले, त्याला बळ देणारा पुरावा कल्चरमधून आला होता. आणखी एक. अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह येण्याचे दिवस आणि कल्चरमध्ये विषाणू वाढण्याचे दिवस पुष्कळसे जुळतात, हे पुढच्या अभ्यासांत दिसले. म्हणजे पीसीआरशी ताडून ज्या कार्डाला कमी लेखले गेले, त्याची खरी जागा, ‘हा माणूस आत्ता संसर्ग पसरवू शकतो का’ या प्रश्नाचे उत्तर देणारी चाचणी म्हणून, कल्चरनेच दाखवून दिली.

पण कल्चरच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा रायपूरच्या शेजारी, विदर्भात आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंगी आणि चिकुनगुन्याच्या तापाची साथ होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या रुग्णांचे रक्त पेशींवर सोडले, तेव्हा दोघांच्या नमुन्यांतून अपेक्षेबाहेरचा, आधी कुणी न पाहिलेला विषाणू वाढला. गावावरून त्याला चांदीपुरा हे नाव मिळाले. मोठी साथ नाही, मृत्यूंची मालिका नाही. किरकोळ तापाचा विषाणू म्हणून तो संग्रहात पडून राहिला. २००३ च्या पावसाळ्यात तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात मुलांना अचानक ताप, झटके आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असे प्रकार सुरू झाले. लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ३२९ मुलांची नोंद आहे आणि त्यांतली १८३ दगावली. जपानी मेंदूज्वर आणि इतर ओळखीच्या कारणांसाठीच्या चाचण्यांतून उत्तर मिळत नव्हते. आजच्या कार्डांच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या रेघा कोऱ्या होत्या. उत्तर मिळाले ते पेशींच्या भांड्यात. काही मुलांच्या नमुन्यांतून विषाणू वाढला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा बंदुकीच्या गोळीसारखा आकार दिसला, आणि मग अडतीस वर्षे जुन्या संग्रहामुळे ओळख पटली: हा चांदीपुरा. त्यानंतरच त्याच्यासाठी पीसीआर आणि एलायझा तयार झाल्या. २०२४ च्या जुलैमध्ये गुजरातेत हा आजार पुन्हा आला तेव्हा पुण्यातून निदान झपाट्याने झाले, ते याच पायावर. जी जलद चाचणी आज मुलांचा जीव वाचवायला मदत करते, तिचा जन्म एका संथ चाचणीतून झाला आहे. छत्तीसगड, विदर्भ आणि तेलंगणा या सलग पट्ट्यात चांदीपुरा पसरवणारी सँडफ्लाय माशी, गुरांचे गोठे आणि मातीची घरे सारखीच आहेत. इथे पुढचा अनोळखी विषाणू येणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही.

विषाणू बदलतात तेव्हाही जलद चाचणी नकळत आंधळी होऊ शकते. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तीन प्रचलित रॅपिड किट्स तपासली, तेव्हा नव्या विषाणूसाठी त्यांची संवेदनशीलता जेमतेम ४० ते ६९ टक्के भरली. भारतातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाला आणि त्यानंतर तिथे नमुन्यांची रीघ लागली; तेव्हा रॅपिडवर विसंबलो असतो तर कितीतरी रुग्ण हातचे सुटले असते. मलेरियामागे विषाणू नसला तरी त्याचे उदाहरण छत्तीसगडसाठी फार जवळचे आहे. बस्तरच्या पाड्यांत मितानिन, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, ज्या रॅपिड किटने मलेरिया शोधते, ती फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या एचआरपी-२ नावाच्या प्रथिनावर अवलंबून असते. हे प्रथिन तयार करणारे जनुकच ज्यांच्यात नाही, असे परजीवी छत्तीसगडसह मध्य भारतात सापडले आहेत. हे कार्डाने कळवले नाही आणि कळवणेही शक्य नव्हते. सूक्ष्मदर्शक आणि जनुकीय तपासणीने कळवले. प्रत्येक जलद चाचणीमागे अशी एक वेगळ्या तत्त्वावरची पद्धत उभी असावी लागते, आणि विषाणूंच्या बाबतीत ती जागा कल्चरची आहे.

आता जनुकीय क्रमवारीचा मुद्दा. आज नमुन्यातले सारे जनुकीय साहित्य एकदमच वाचता येते, त्यामुळे अनोळखी विषाणूसाठीही कल्चर लागत नाही, असे अनेक तरुण शास्त्रज्ञ म्हणतात. कोरोनाची ओळख जगाला झाली ती जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय क्रमवारीतून, हे मान्यच करायला हवे. क्रमवारीची सोय प्रत्येक राज्यात हवी. ओमिक्रॉनच्या काळात छत्तीसगडचे नमुने त्यासाठी भुवनेश्वरला जात आणि निकालाची वाट पाहण्यात दिवस जात. पण क्रमवारीतून विषाणूचा मजकूर कळतो, वर्तन नाही. तो जिवंत आहे का, लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे त्याला थोपवतात का, हर्पिसचा विषाणू ॲसायक्लोव्हिर या औषधाला दाद देतो का, हे पेशींवर वाढवूनच कळते. नवी किट खरेदी करण्याआधी ती स्थानिक विषाणूला किती पकडते, हे तपासायलाही जिवंत विषाणूचा साठा लागतो.

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला सवलत देता येत नाही. निपाह किंवा क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू वाढवण्याची जागा पुण्याच्या सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच आहे. कोरोनासाठी तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा लागते. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात कल्चर करावे, असे कुणीही म्हणू नये. जिल्ह्यांचे काम कार्ड आणि एलायझाचे; ते भरपूर आणि वेळेवर व्हावे. अनोळखी गंभीर आजाराचा नमुना मात्र थेट योग्य सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच उघडला जावा. खर्चाचेही तसेच. बस्तरला आधी किट्स आणि पॅरासिटामॉल लागते, पेशींच्या बाटल्या नाहीत, हे म्हणणे बरोबर आहे. पण इथे मागणी हजारो नमुन्यांची नाही. गंभीर, मृत्यू पावलेल्या किंवा एकाच वस्तीतून एकाच वेळी आलेल्या अशा रुग्णांचे, ज्यांच्या ठरलेल्या साऱ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, तेवढेच नमुने कल्चरसाठी हवेत. पूर्ण राज्यात ते वर्षाकाठी थोडेच निघतील.

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१३ पासून वैद्यकीय महाविद्यालयांत विषाणू प्रयोगशाळांचे जाळे उभारले आणि कोविडच्या पहिल्या महिन्यांत रायपूरच्या एम्सने राज्याचा भार पेलला, तो याच उभारणीमुळे. पण या जाळ्यातल्या बहुतेक ठिकाणचे रोजचे काम एलायझा आणि पीसीआरवर चालते. छत्तीसगड सरकारने आणि या जाळ्याने मिळून रायपुरात पेशी-कल्चर हे नियमित, बारमाही काम म्हणून चालवावे. साथ आली की सुरू आणि ओसरली की बंद, असे ते चालू शकत नाही, कारण पेशी दर काही दिवसांनी नव्या भांड्यात घालाव्या लागतात आणि त्या सांभाळणारा तंत्रज्ञ तयार व्हायला वर्षे लागतात. तो कंत्राटावर आणि सहा महिन्यांच्या पत्रावर टिकणार नाही. पेशींची बीजे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात, ती अडचण नाही. अडचण आहे ती बीजापूर किंवा सुकम्याहून रायपूरपर्यंतच्या चारशे किलोमीटरच्या आसपासच्या रस्त्याची. तिथे नमुना घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाकडे विषाणू जिवंत ठेवणारे माध्यम आणि शीतपेटी हवी. नमुन्याचे दोन भाग करून एक तपासायचा आणि दुसरा उणे सत्तर अंशांखाली ठेवायचा, हा नियम हवा. त्या शीतकपाटाला जनरेटर हवा, कारण उन्हाळ्यात वीज गेली आणि आत असलेले वितळले तर साठवणुकीला अर्थ उरत नाही. आणि दरवर्षी एका अहवालात तीन गोष्टी लोकांसमोर याव्यात: किती गंभीर रुग्णांचे निदान झाले नाही, त्यांतल्या किती नमुन्यांतून पुढे विषाणू मिळाला, आणि राज्याने घेतलेल्या किट्सनी त्या वर्षी किती खरे रुग्ण चुकवले. ज्या डॉक्टरने तो नमुना पाठवला, त्याला निकाल परत कळवण्याची जबाबदारीही त्याच प्रयोगशाळेवर असावी. रुग्ण तोवर घरी गेला असेल किंवा वाचला नसेल, तरीही.